सतरा नंबरचा बिल्ला

मृत्यू ही या जगातली एकमेव पक्की गोष्ट आणि बाकी सगळा अंदाज, असं त्याचं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते मत एका सकाळी कार्यालयाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, लिफ्ट बंद असल्यामुळे, मोडीत निघालं. लिफ्ट चालू असती तर आत फोनला रेंज मिळाली नसती आणि मत आणखी थोडा वेळ तरी टिकलं असतं. त्याच्या काखेत अहवालाच्या बांधून आणलेल्या प्रती होत्या, ताज्या, बाइंडिंगवाल्याकडच्या गरम प्लॅस्टिकचा वास असलेल्या, आणि प्रत्येक प्रतीच्या पहिल्याच पानावर चौकटीत एक आकडा छापलेला होता. तो आकडा उद्याच्या बैठकीत वाचला जाणार होता आणि त्यावरून डोंगराचा एक उतार राहणार की दगडखाणीला जाणार ते ठरणार होतं. फोन बाईंचा होता. बाई म्हणजे त्याच्या विभागातल्या वनस्पतितज्ज्ञ. दरवर्षी मोसमात गुडघ्यांना पट्टे बांधून त्या उतारावर रांगत जायच्या आणि एकेक रोप मोजायच्या. त्यात गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"ज्योतिषीबुवा, बसला आहात का?"

"जिन्यात उभा आहे. लिफ्ट बंद आहे."

"मग कठडा धरा. सतरा नंबर उगवलाय."

"सतरा मयत आहे."

"तुमच्याकडे असेल. माझ्यासमोर दोन पानं काढून बसलाय."

"शेजारी नवीन रोप आलं असेल."

"मला शिकवू नका. बिल्ल्याला टेकून उगवलाय. मी बोटानं माती बाजूला करून बघितली. कंदाच्या मानेवर जुन्या पानांचे वण आहेत, एकावर एक. हे पोर नाही, म्हातारं आहे. तीन वर्षं झोपलं होतं, एवढंच."

तो कठड्याला टेकला. काखेतल्या प्रती एकेक करून घसरायला लागल्या, आणि त्या सावरायच्या की फोन, हे ठरेपर्यंत चार खाली गेल्या. मग त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला.

"बाई, मेलेल्यांचे बिल्ले तर तुम्ही काढून घेता. मग सतराचा तिथे कसा?"

"खिळा दगडाच्या फटीत अडकला होता. माझ्याकडे पक्कड नव्हती."

"आणि बाकीच्यांचे?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला. बाई एरवी वाऱ्याला बोलू देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"बाकीचे निघाले," त्या म्हणाल्या. "नवीन बिल्ले वेळेवर मिळाले असते तर काढले नसते. खरेदीवाल्यांना सांगून जीभ झिजली माझी."

जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, पाण्याचे पाइप, एका गॅलरीत वाळत घातलेली चादर. सगळं कालच्यासारखंच होतं, आणि तरी त्याला वाटलं, हे सगळं कोणीतरी आताच उचलून पुन्हा नेमकं त्याच जागी ठेवलं आहे. त्याचं काम असं होतं की थोड्या आकड्यांवरून पुढचं सांगायचं. दुर्मीळ झाडांचा एखादा जथा कुठेतरी शिल्लक असतो, त्याची चार-सहा वर्षं मोजणी होते, आणि मग कोणीतरी विचारतं, हा जथा आणखी वीस वर्षं टिकेल का? खरं उत्तर द्यायचं तर वीस वर्षं थांबावं लागतं; तेवढा धीर कोणत्याही कार्यालयाला नसतो, म्हणून त्याला पगार होता. विभागात त्याला ज्योतिषी म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. फरक एवढाच की ज्योतिष्याला गिऱ्हाइकाचा चेहरा तरी दिसतो. यानं हे झाड फुललेलं कधी पाहिलेलं नव्हतं. दोन पानं, नशीब असेल तर एक फूल, आणि खाली सुपारीएवढा कंद, असं ते वर्णनात होतं. सगळ्या जगात त्याचा तेवढाच उतार उरला होता. प्रत्येक रोपाशेजारी अ‍ॅल्युमिनियमचा नंबर कोरलेला बिल्ला खिळ्यानं ठोकलेला असे. रोप दोन मोसम दिसलं नाही की तक्त्यात मयत, हा नियम. मयताचा बिल्ला उपटायचा आणि त्यावर नवा नंबर ठोकून तो एखाद्या नव्या रोपाशेजारी लावायचा. ही बाईंची काटकसर होती, पण दोन मोसमांचा नियम त्याचा होता. तो त्यानं नोकरीच्या सुरुवातीला कुठल्यातरी शोधनिबंधातून उचलला होता. निबंध चांगला होता. फक्त तो दुसऱ्या झाडावर होता.

टेबलावर प्रती रचून तो संगणकासमोर बसला. खोलीत पंखा नेहमीसारखा एका पात्यावर कुरकुरत होता. सात वर्षांची मोजणी, म्हणजे सात रकाने. आजवर त्याला त्या रकान्यांत एक स्वच्छ, दुःखद गोष्ट दिसत आली होती: दरवर्षी बरीच रोपं मरतात, काही नवी येतात, येणाऱ्यांपेक्षा जाणारी जास्त. संगणक ती गोष्ट घेऊन एका दुपारी दहा हजार वेळा तो उतार उगवून दाखवायचा आणि दहा हजार वेळा पुसायचा, चहा येईपर्यंत. आणि शेवटी सांगायचा की वीस वर्षांनी जथा शिल्लक असण्याची शक्यता शंभरात चार. पाचाच्या खाली आलं की जागा संरक्षित जागांच्या यादीतून उतरते, असा नियम होता. तो मात्र त्याचा नव्हता. चार हा आकडा त्याला आवडलाही होता. त्यात एक गांभीर्य होतं. शून्य म्हटलं की लोक रडतात, दहा म्हटलं की वाद घालतात. चारला लोक मान डोलावतात. आता तो तेच सात रकाने बघत होता आणि त्याच रकान्यांतून दुसरी गोष्ट वर येत होती, पाण्यातून यावी तशी हळूहळू. समजा कोणी मेलंच नाही. समजा तेवीस नंबर झोपला, तो मयत लिहिला, त्याचा बिल्ला निघाला, आणि तो जागा झाला तेव्हा बाईंनी त्याला कौतुकानं नवजात म्हणून एकावन्न नंबर दिला. समजा एकावन्नही पुढे झोपला. एकेक म्हातारा कंद त्या उतारावर दोन-तीनदा मेला असेल आणि दोन-तीनदा जन्मला असेल, दर वेळी त्याच जागी, न हलता, कदाचित स्वतःचाच जुना बिल्ला उशाशी घेऊन. मृत्यूंचा रकाना आणि जन्मांचा रकाना, दोन्ही खोटे; आणि दोन्ही मिळून बेरीज मात्र चोख. या गोष्टीलाही ते सात रकाने तितकेच बसत होते. त्यानं तीन वेळा ताळा केला. एका जगात सगळं संपत आलं होतं, दुसऱ्यात कोणीच कुठे गेलेलं नव्हतं, आणि दोन्ही जगांचे आकडे दशांशापर्यंत एकच होते. या दोन जगांमध्ये निवाडा करायला साक्षीदार एकच, तोही पक्कड नव्हती म्हणून वाचलेला.

त्याला एकदम आठवलं की तो त्या उतारावर एकदा गेला होता. मोसम नसताना. पाहणीसाठी वरिष्ठांबरोबर, जीपमधून. तेव्हा तिथे काही नव्हतं. तांबूस माती, दगड, वाळलेलं गवत. वरिष्ठ म्हणाले होते, "इथे आहे काय बघण्यासारखं?" आणि सगळे हसले होते, तोही हसला होता. मग त्यानं एका सपाटशा जागी उभं राहून केळं खाल्लं होतं. त्याला आता ते केळं आठवलं, त्याची साल कुठे ठेवावी हे न कळून ती रुमालात गुंडाळल्याचं आठवलं, आणि तळपायांना काहीतरी होऊ लागलं, मुंग्या आल्यासारखं. तो त्यांच्यावर उभा होता. वीतभर मातीखाली, पान नाही, उजेड नाही, कुठल्याशा बुरशीच्या धाग्यांवर उधारीनं जगत, त्या सगळ्या मंडळींनी त्याचं वजन, त्याचं हसणं आणि ते केळं सहन केलं होतं. आणि तो परत येऊन तिसऱ्या तक्त्यात त्यांना मयत लिहून मोकळा झाला होता. त्यानं टेबलाखाली हळूच चपला काढल्या. का ते त्याला सांगता आलं नसतं. फरशी गार होती.

मग आठवणीत काका आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. तो आठ-नऊ वर्षांचा असताना एका संध्याकाळी ते कामावरून आले, सायकल भिंतीला लावली, आणि बोलायचे बंद झाले. आजार म्हणावा तर भूक चांगली होती. राग म्हणावा तर कोणावर? आधी डॉक्टर झाले, मग कोणी सांगेल ते उपाय झाले, मग सवय झाली. काका मागच्या खोलीत खिडकीजवळ बसत. आत्या त्यांच्यादेखत म्हणायची, "हा काय, असून नसल्यासारखा." घरातली भांडणं, कोणाची लग्नं जमत नाहीत, कोण कोणाचं किती खातं, सगळं त्यांच्यासमोर खुशाल बोललं जाई, कपाटासमोर बोलावं तसं. एकदा घरादाराचा फोटो काढला. फोटोवाला गेल्यावर कोणाच्यातरी लक्षात आलं की काका राहिले. त्याला परत बोलावण्याचा विचार झाला, पण तो पुढच्या चौकापर्यंत गेला होता. असं दोन वर्षं चाललं. आणि एका दुपारी आई आणि आत्या कात्री शोधत होत्या; हे उचल, ते झटक, तूच शेवटची घेतली होतीस, मी कशाला घेऊ; आवाज चढत चालले होते. तेवढ्यात मागच्या खोलीतून काका म्हणाले, "शिवणयंत्राच्या डाव्या खणात आहे."

घर थिजलं. आईचा हात तोंडावर गेला. आत्या खाली बसली. मग आईनं जाऊन खण उघडला, आणि कात्री तिथे होती. त्या क्षणाचं जे त्याला कायम आठवत राहिलं ते हेच: काकांचा आवाज नाही, कात्री तिथे असणं. म्हणजे ते सगळं बघत होते. सगळं ऐकत होते. त्यानंतर काका पुन्हा कामावर जायला लागले, बोलायला लागले, चारचौघांसारखं, कंटाळवाणंसुद्धा. दोन वर्षांचा विषय कोणी काढला नाही. ज्याला त्याला आपण काय काय बोललो ते आठवत होतं. त्यानं मात्र एकदा धीर करून विचारलं होतं, "काका, तुम्ही तेव्हा कुठे होतात?" काका वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटून म्हणाले, "इथेच."

मॉडेलमध्ये आजवर दोनच कप्पे होते: आहे आणि नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं तिसरा कप्पा केला. त्याला नाव द्यावं लागतं, त्याशिवाय संगणक पुढे जात नाही. 'सुप्त' लिहून त्यानं खोडलं. ते पाठ्यपुस्तकासारखं वाटलं. शेवटी 'इथेच' असं लिहून बटण दाबलं. दहा हजार वेळा उतार उगवला. या वेळी तो पुसला जाईना. बसून राही, लपे, निम्मा दिसे, कुठल्यातरी वर्षी एकदम भरून येई. टिकण्याची शक्यता आली शंभरात तीन ते शंभरात शहाण्णव. त्यानं पडद्याकडे पाहिलं. उभ्या नोकरीत एवढं निरुपयोगी उत्तर त्यानं काढलं नव्हतं, आणि एवढं खरंही. अंगावर काटा आला आणि थोडं हसूही, आणि दोन्ही एकाच जागी, मानेच्या मागे.

घरी बायको मटार सोलत होती. तो समोर बसून सोलायला लागला आणि सगळं सांगून टाकलं.

"मग उद्या काय म्हणणार आहात?" तिनं विचारलं.

"तेच कळत नाही. चार राहू दिलं तर उतार जातो. चार काढून घेतलं तर मी जातो. इतकी वर्षं ज्या नियमानं मेलेले मोजले, तो नियम चुकीचा. मग बाकीच्या जागांचं काय? याच नियमानं तीन जागा यादीतून उतरल्यात."

"त्यांचं आता काय आहे?"

"एकीवर गोदाम आहे."

एक दाणा घरंगळत टेबलाखाली गेला, तो तिनं पायानं अडवला.

"शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकलं तर? कोण वाचतंय."

"आकडा पहिल्याच पानावर आहे. चौकटीत."

"मग पंचाईत आहे." मग ती म्हणाली, "तुमच्या काकांचं मला नेहमी एक वाटतं. लग्न होऊन आले तेव्हापासून ही कात्रीची गोष्ट ऐकतेय. सगळ्यांना नवल काय, तर ते बोलले."

"नवलच होतं ते."

"त्यात कसलं नवल? त्या दोन वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं होतं का? डॉक्टरांनी 'काय होतंय' विचारलं असेल, ते सोडा. साधं काही. अहो, कात्री बघितलीत का, असं."

त्यानं आठवून पाहिलं. घर डोळ्यांसमोर आणलं, मागची खोली, खिडकी, पाठमोरे काका. कोणी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही. तो तर त्यांच्या खुर्चीमागे लपाछपीत लपायचा, कारण तिथे कोणी शोधायला येत नसे.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत लांब टेबलाभोवती दहा-बारा माणसं होती आणि पाण्याच्या बाटल्या त्याहून जास्त. अध्यक्ष दुसऱ्या खात्यातून आलेले, घाईत असलेले. संचालक, म्हणजे त्याचे साहेब, शेजारी. टोकाला खाणवाल्यांचे वकील, अत्यंत सभ्य. बाई उतारावरून थेट आल्या होत्या, गुडघ्यांवर अजून माती होती, आणि त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही; हे त्याला धमकीपेक्षा जड गेलं. अध्यक्षांनी प्रत उघडली आणि म्हणाले, "शक्यता चार. नियम पाचाचा. मला वाटतं यावर चर्चेचं कारण नाही."

तो उभा राहिला. उभं राहायची पद्धत नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी वर पाहिलं.

"तो आकडा मी परत घेतो."

"परत घेता म्हणजे? छापलाय."

"मी जिवंत रोपं मेलेल्यांत धरली आहेत. किती ते माहीत नाही. काही मेलीही असतील. नियम माझाच होता, आणि तो या झाडाला लागू नाही."

संचालकांनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. अध्यक्षांनी चष्मा काढला. "बरं. मग आता नवा आकडा काय?"

"तीन ते शहाण्णव." त्यानं आदल्या संध्याकाळी काढलेला नवा तक्ता पुढे सरकवला.

"अहो, एक आकडा सांगा."

"एक नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"माहीत नाही," तो म्हणाला. आणि हे दोन शब्द म्हणताना त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फारच हलकं वाटलं. मातीखालचं ते सगळं, न दिसणारं, न मोजलेलं, क्षणभर त्या खोलीत वर येऊन उभं राहिल्यासारखं, टेबलाच्या कडेपर्यंत.

अध्यक्ष नियमावली चाळत होते. नियम होता: पाचापेक्षा कमी असल्यास जागा यादीतून काढावी. 'माहीत नाही' हे पाचापेक्षा कमी आहे की जास्त, याबद्दल नियमावली गप्प होती. वकील म्हणाले की ते कमीच धरायला हवं. बाई म्हणाल्या, "का? तुम्ही परवा कार्यालयात दिसला नाहीत, म्हणून आम्ही तुमची शोकसभा घेतली का?" कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि निर्णय दिला: आकडा पाचाखाली असल्याचं सिद्ध होत नाही, सबब जागा यादीवर राहील. त्यातच हिशेबाच्या माणसानं हळूच सांगितलं की कुंपणासाठीची रक्कम पडून आहे आणि या महिन्यात खर्च केली नाही तर परत जाईल. म्हणून कुंपणही मंजूर झालं. "आणि हे तक्त्यात 'इथेच' काय आहे?" अध्यक्षांनी उठता उठता विचारलं. "टंकलेखनाची चूक," संचालक म्हणाले.

त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला, तो त्यानं दिला, आणि तो कुठेतरी ठेवण्यात आला. पुढे बरेच दिवस त्याला रिकामी जागा अशी दिसेचना. कार्यालयामागची पडीक जमीन, जिथे गाड्या लावत, तिच्या कडेनं तो जाऊ लागला. कायम बंद असलेल्या शटरांकडे, कधीच उत्तर न देणाऱ्या शेजाऱ्याच्या दाराकडे तो थबकून बघे. ज्या मित्राचा फोन कित्येक वर्षांत आला नव्हता त्याला त्यानं एकदा फोन केला. तो म्हणाला, "बोल," जणू मधे काही झालंच नव्हतं. घरी बायकोशी बोलणं खुंटलं की तो मुद्दाम विचारी, कात्री कुठे आहे? ती सांगायची, कंटाळून, पण सांगायची. हे सगळं वेड्यासारखं आहे हे त्याला कळत होतं. पण एकदा जमिनीत कान आहेत असं कळल्यावर माणूस पूर्वीसारखं पाऊल टाकू शकत नाही.

पुढच्या मोसमात तो आणि बाई उतारावर गेले. तो मुद्दाम रजा काढून आला होता. खाणीकडची भोंग्याची वेळ सोडली तर तिथे शांत होतं. त्यानं पायथ्यालाच चपला काढल्या. बाई म्हणाल्या, "काटा मोडला तर मी काढणार नाही," पण त्यांनी हळू चालायला सुरुवात केली. आणि मग त्याला ती दिसली. इथे दोन पानं. तिथे दोन पानं. एक फूल, नखाएवढं, पांढरं, आत हिरवी रेघ. तो वाकला, मग गुडघ्यांवर बसला, मग पोटावर आडवा झाला आणि त्यानं गाल मातीला लावला. माती कोमट होती. ज्यांनी पानं काढली होती त्यांच्या मधे मोकळी माती होती, आणि त्यानं आयुष्यात मोकळ्या मातीइतकी भरलेली गोष्ट पाहिली नव्हती. डोळे भरून आले तसे ते त्यानं भरू दिले, बाईंनी दुसरीकडे पाहिलं, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "मी पहिल्या वर्षी रडले होते. मोजणी चुकली त्यात."

"सतरा दाखवा," तो उठून म्हणाला.

बाईंनी वर बोट दाखवलं. वरच्या कडेला, दगडाजवळ, नवं कुंपण दिसत होतं. खांब सरळ, तारा ताणलेल्या, काम चोख. कंत्राटदाराच्या नकाशात खांबांनाही नंबर होते. सतराव्या खांबाची जागा दगडाजवळच येत होती, आणि माणसांना तिथे सतराचा बिल्ला आयताच ठोकलेला सापडला, म्हणून त्यांनी खड्डा नेमका तिथेच घेतला. खांब सिमेंटमध्ये पक्का बसवला होता. बिल्ला दगडाच्या फटीतून काढून त्यांनी खांबावर नीट ठोकून ठेवला होता. त्यांच्याकडे पक्कड होती.